नानांची मुक्कामी गाडी

"बसले का समदे?" नानांनी आरशात बघून विचारलं आणि गिअर टाकला. गाडीत मी एकटाच होतो. मागच्या पलंगाला टेकून, हातात मीटर धरून उकिडवा बसलो होतो, कारण गाडी चालू असताना बॅटरी चार्ज होते की नाही ते बघायचं होतं. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण ते खरंच थांबले होते. मी "हो, बसले" म्हणालो, तेव्हा कुठे गाडी हलली.

नाना एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर, राहू गावचे. माझं शिक्रापूरला हायवेच्या कडेला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. ट्रकवाले येतात, टेम्पोवाले येतात, कुणाला हॉर्न हवा असतो, कुणाला केबिनमध्ये निळी लाइट. नाना आले ते एका शाळेच्या जुन्या मिनीबसमध्ये बसून. वरून पांढरा रंग मारला होता, पण दाराच्या कडांना खालचा पिवळा दिसत होता. आतल्या सीटा काढून त्यांनी एक पलंग बसवला होता, शेगडीचा ओटा केला होता, पाण्याची टाकी, कोपऱ्यात पडदा लावून छोटी मोरी. पुण्याची पोरं अशा गाडीला कॅम्पर म्हणतात. मी नानांना तो शब्द सांगितला. त्यांनी तो दोनदा तोंडात घोळवला आणि सोडून दिला. "मुक्कामी गाडी म्हन की," म्हणाले.

संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी एस.टी. म्हणजे मुक्कामी गाडी. नानांनी निम्मी नोकरी मुक्कामी गाड्यांवरच काढली होती. कुठल्या देवळात झोपायचं, कुठे थंडी फार, कुठल्या गावचे लोक ड्रायव्हरला भाकरी आणून देतात, हे सगळं त्यांच्या बोलण्यात यायचं. आणि ते बोलणं इतकी वर्षं घरी बसून ऐकलं होतं शालनमावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं.

त्या दिवशी मावशी दुकानासमोर खुर्चीत बसल्या होत्या. काळा चष्मा, हात मांडीवर, तोंड रस्त्याकडे. मी चहा दिला तर कप घ्यायला हात जरा बाजूला गेला. नानांनी तो हात कपापाशी नेला.

"ह्यांनी लई गावं पाहिली," मावशी मला म्हणाल्या. "म्या एकबी न्हाई. म्हनलं, रिटायर झाला का मला समदी मुक्कामाची गावं दाखवा. एकेका गावात एक रात काढू. तर हे गाडीच घिऊन आले."

"मंग काय, लॉजवर नेऊ व्हय?" नाना म्हणाले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघांचं बोलणं असं एकमेकांत गुंतलेलं असायचं, तिसऱ्याला त्यात शिरायला जागा नसे.

मावशींना साखरेचा आजार होता आणि साखर डोळ्यांत उतरली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी लेसर केलं, डोळ्यांत इंजेक्शनं दिली, आणि जेवढं दिसतंय तेवढं राखायचं, गेलेलं परत येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. नानांनी मला हे गाडीच्या मागे नेऊन सांगितलं. मग म्हणाले, "संध्याकाळ झाली का तिला दार घावत न्हाई. गाडी उभी हाय येवढं कळतं, पर दार कुठं ते कळत न्हाई. भाईरून लाइट लाव. उद्या परक्या गावात उभं राह्यलो आन् ती खाली उतरली, तर माघारी यायला पायजे न्हवं."

मी दारावर एलईडीची पट्टी लावून द्यायचं ठरवलं. पट्टीच्या मागचा गोंद आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकत नाही, म्हणून ॲल्युमिनियमची पन्हळ रिव्हेट मारून बसवली आणि पट्टी तिच्यात सरकवली. टपाला भोक पाडलं तर पावसात गळणार, म्हणून वायर दाराच्या रबराखालून आत घेतली. मी स्टुलावर उभा आणि नाना खाली दोन्ही तळवे वर करून उभे, जणू मी पडलो तर झेलणार. त्यांना बसा म्हटलं तर म्हणाले, "मी बसलो का काम लांबतं."

दिवेलागणीला बटण दाबलं. दुकानासमोरच्या कडुलिंबाखाली मावशी उभ्या होत्या. त्यांनी मान हळूहळू दाराकडे वळवली. मग म्हणाल्या, "दिसतंय. पिवळं पिवळं. दुधात हळद घातल्यावानी." आणि तिथून निघून, कशालाही हात न लावता, दारापर्यंत आल्या. नाना मागून हात पसरून चालत होते, पण त्यांना हात लावावा लागला नाही. पायरीवर पाय ठेवून मावशी वळल्या आणि हसल्या. नानांचा चेहरा इतका आनंदलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"टाइम झाला का गाडी सोडायची," नाना जाताना म्हणाले. "पाशिंजर यो, नाय तर न यो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. जेवायला बसताना म्हणायचे, कुणाच्या मयतीची बातमी आली तरी म्हणायचे. त्या दिवशी त्याचा अर्थ एवढाच होता, की पुढचं इंजेक्शन झालं की निघायचं.

ते निघाले नाहीत. मावशींच्या पायांवर सूज आली. तपासण्या झाल्या आणि किडन्या गेल्याचं कळलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. राहूहून भीमेचा पूल ओलांडून तळेगावमार्गे शिक्रापूरच्या दवाखान्यात यायचं, चार तास सुईला बांधून पडायचं आणि परत जायचं. येताना मावशी पुढे बसत, जाताना मागच्या पलंगावर आडव्या असत. नानांनी आयुष्यभराच्या गावांसाठी बांधलेली गाडी त्या एकाच रस्त्यावर फिरायला लागली.

मावशी दवाखान्यात आत असल्या की नाना माझ्या दुकानात येऊन बसत. ट्रकांकडे बघत. एखाद्यानं ब्रेक कसा मारला त्यावरून तो माणूस कसा असेल ते सांगत. आणि दर काही दिवसांनी म्हणत, "शकील, लाइट जरा वाढव. तिला अंधुक झालंय." मग मी दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या लावल्या. मग पायरीखाली. मग टपाच्या कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लांब पट्टीचं शेवटचं टोक मंद पेटतं, म्हणून तिला दोन्हीकडून करंट दिला. मला कळत होतं की पट्टीत काही कमी नाही. नानांना कळत नसेल असं नाही. पण ते वाढव म्हणाले की मी स्टूल घेत होतो.

गाडी इतकी झगमगायला लागली, की एका संध्याकाळी दवाखान्याबाहेर दोन पोरं नानांना विचारायला आली, नवरदेवाच्या वरातीला भाड्यानं मिळेल का. नाना शांतपणे म्हणाले, "न्हाई बाबा. आत पेशंट हाय."

थंडी सुरू झाली तेव्हा मीच म्हटलं, रंग बदलून बघू. हिरवा रंग डोळ्याला लवकर सापडतो असं मी कुठेतरी ऐकलं होतं. मावशीही म्हणाल्या, हिरवा चालंल, उसावानी. गाडी राहूत त्यांच्या अंगणात उभी होती, म्हणून मी तिकडे गेलो. गावात गुऱ्हाळं चालू होती, सगळीकडे गुळाचा वास. दाराची जुनी पट्टी काढून मी हिरवी बसवली. अंधारून आलं तरी वायर जोडायची राहिली होती. दोन्ही टोकं माझ्या हातात होती.

मावशी घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. नाना ड्रायव्हरच्या सीटवर होते. माझं काम झालं असं समजून त्यांनी बटण दाबलं आणि आतूनच विचारलं, "दिसतंय का गं?"

मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "व्हय, दिसतंय की. लई ग्वाड हिरवं हाय."

नाना उतरून दाराकडे आले. पट्टी काळीच होती. टपावरच्या, पायरीखालच्या पट्ट्याही बंद होत्या, कारण फ्यूज मी काढून ठेवला होता. संपूर्ण गाडी अंधारात उभी होती. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वायरीकडे पाहिलं. मावशी गाडीच्या दिशेनं तोंड करून हसत होत्या, आणि ती दिशाही नीट नव्हती, जरा डावीकडे होती.

"व्हय," नाना म्हणाले. "हिरवंच हाय. चांगलं झालंय."

मग मला खुणेनं म्हणाले, जोड. मी वायर जोडली, फ्यूज घातला. दार हिरवं झालं, बाकीची गाडी पिवळी. मावशींच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. नाना खाली वाकून माझी हत्यारं गोळा करायला लागले. पक्कड पेटीत ठेवायला त्यांना फार वेळ लागला.

त्यानंतर त्यांनी मला लाइट वाढवायला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी मात्र सगळ्या पट्ट्या पेटवत, "दिसतंय का?" विचारत, आणि मावशी "व्हय" म्हणत. एकदा मी दवाखान्यापाशी दोघांचं हे बोलणं ऐकलं आणि दुकानात परत आलो.

एकदाच ते खरे निघाले. डायलिसिसच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा असे. तेवढ्यात मंचरच्या पुढे डोंगरातलं एक मुक्कामाचं गाव करून यायचं, असं नानांनी ठरवलं. सकाळी दुकानाशी थांबून टायरची हवा बघितली. मावशींनी नवं लुगडं नेसलं होतं. "तिथल्या देवळात लई गार वारं येतं म्हनं," मला म्हणाल्या. "दिसंना का, वारं तर लागंल."

दुपारी गाडी पाबळच्या बाजूनं परत आली आणि न थांबता दवाखान्याकडे वळली. मी मागोमाग गेलो. घाट लागायच्या आधीच मावशींना श्वास घेता येईना झालं होतं. छातीत पाणी साठलं होतं. त्या वेळी त्या वाचल्या. पण त्यांनी पुन्हा गावाचं नाव काढलं नाही, आणि नानांनीही नाही.

होळीच्या सुमारास मावशी त्याच दवाखान्यात वारल्या. शववाहिका बोलवायची का, असं तिथल्या माणसानं विचारलं. नाना म्हणाले, "गाडी हाय की माझी." मावशींना पलंगावर ठेवलं. मी पुढे नानांच्या शेजारी बसलो. प्रत्येक गतिरोधकावर त्यांनी गाडी इतकी हळू घेतली, की मागचे लोक हॉर्न वाजवून ओव्हरटेक करत होते. पुलावर एकदा त्यांनी आरशात मागे पाहिलं आणि पुन्हा समोर बघून गाडी चालवत राहिले.

नंतर महिन्याभरानं ते गाडी घेऊन आले. कपडे घेऊन आठवडी बाजार करणाऱ्या एका माणसाला त्यांनी ती दिली होती, आणि त्याला बाहेरच्या लाइटा नको होत्या. मी रिव्हेट तोडत होतो, पट्ट्या ओढून काढत होतो. पन्हळीबरोबर पांढरा रंग निघून यायचा. त्या दिवशी नाना खुर्चीत बसून होते. तळवे वर करून उभे राहिले नाहीत.

"शकील," ते म्हणाले, "तिला दिवाळीपासूनच काय दिसत न्हवतं. शेवटच्या आठवड्यात म्हनली मला. म्हनली, तुमी लई हौसेनं इचारायचा, म्हनून व्हय म्हनायचे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मला ठावं हाय म्हनलो." त्यांनी काढलेली एक पट्टी उचलून गुंडाळायला घेतली. "दोघांलाबी ठावं व्हतं. आन् रोज संध्याकाळी तेच. दिसतंय का, व्हय दिसतंय. येवढ्या महिन्यांत एकदा म्या तिला इचारलं न्हाई, का बाई, अंधारात तुला भ्या वाटतं का. तेवढं इचारायचं व्हतं."

मी स्टुलावरून राहिलेली पट्टी ओढून काढली. गाडी तिच्या नव्या मालकाला देऊन नाना वडापच्या जीपमध्ये मागे, माणसांत दाटीनं बसून गेले. पुन्हा येतो म्हणाले नाहीत.

ते गेल्याचं मला राहूच्या एका दूधवाल्याकडून कळलं, तेही दहावा होऊन गेल्यावर. घरात एकटेच होते, सकाळी उठले नाहीत, शेजाऱ्यांनी दार उघडलं. तो टेम्पोचा हेडलाइट दुरुस्त करायला आला होता आणि सहज गावच्या बातम्या सांगत होता. मी काम थांबवलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचं कोन लागत व्हते का?"

"गिऱ्हाईक होते," मी म्हणालो, आणि त्याचा हेडलाइट खोलायला घेतला.