तीन हजार मैल झाले नाहीत म्हणून

एकनाथ दाबक्यांसमोर गाडीचा विषय काढू नका, असं ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींना मी आधीच बजावून ठेवत असे. ऐकायचं कोण! मग हा गृहस्थ भर पार्टीत, एका हातात बटाटेवड्याची डिश घेऊन, पाहुण्याला ड्राइव्हवेवर न्यायचा, गाडीचा हुड उघडायला लावायचा, ऑइलची दांडी उपसायचा आणि बोटाला तेल लावून वास घ्यायचा. "जळकट वास येतोय. कधी ऑइल चेंज केलंत?" पाहुणा ओशाळायचा. दाबके त्याच बोटाने, जेमतेम रुमालाला पुसून, पुढचा वडा उचलायचे.

ते वंगणतेलातले इंजिनिअर. ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत सतरा वर्षं त्यांनी तेच केलं. त्यांचा मंत्र आम्हाला सगळ्यांना पाठ होता: तीन महिने किंवा तीन हजार मैल, जे आधी होईल ते. माणूस वाईट नव्हता. पण कुणाशी गप्पा मारायच्या म्हणजे त्याला काहीतरी समजावून सांगायचं, अशी त्यांची ठाम समजूत होती. बायकोशीसुद्धा.

कांचन, त्यांची बायको, समोरासमोरच्या घरात राहूनही मला फारशी कळली नाही. मूलबाळ नव्हतं. बोलायची कमी, हसायची छान. दाबक्यांनी तिला एक जुनी तपकिरी सेकंडहँड गाडी घेऊन दिली होती आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. "आमची कांचन इंडिपेंडंट आहे, वहिनी. वाटेल तिथे जाते." रात्री जेवताना ती "बाहेर जाऊन आले" म्हणायची, आणि ते खूश.

शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले आणि फेब्रुवारीत दाबक्यांची नोकरी गेली. आमच्या गल्लीतली निम्मी घरं तोवर रिकामी झाली होती. कुणी डॅलसला गेलं, कुणी थेट भारतात. हिरवळीवर विक्रीच्या पाट्या, आणि गवत गुडघाभर. कांचन त्याआधीच नोव्हेंबरमध्ये भाचीच्या लग्नाला नागपूरला गेली होती, दोन महिन्यांसाठी. मेमध्ये तिचं पत्र आलं. दाबक्यांनी ते मला वाचून दाखवलं, कारण दाखवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यात भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. शेवटी एवढंच होतं, की मी आता तिकडे परत येईन असं मला वाटत नाही.

"कारण मला ठाऊक आहे," दाबके म्हणाले. "तिची गाडी टकटक आवाज करायची. चार वेळा सांगितलं तिने. मी बघतो म्हणालो आणि राहून गेलं. आता वेळच वेळ आहे. इंजिन ठीक करतो आणि मग फोन करतो. येईल ती."

गाडी वाजते म्हणून कुणी नवरा सोडतं का? पण मी गप्प बसले, आणि माझ्या स्वभावाला ते सोपं नव्हतं.

जुलैतल्या एका दुपारी ते दारात आले. अंगावर बनियन, घामाने निथळलेले. "वहिनी, टाकाऊ उलथणं आहे का? पातळ पात्याचं?"

उलथणं घेऊन मीच त्यांच्या गराजमध्ये गेले. त्यांनी इंजिनावरचं झाकण काढून ठेवलं होतं. मी आत डोकावले आणि मला शिसारी आली. आतले भाग दिसतच नव्हते. त्यांच्यावर काळा, चिकट, बोटभर जाड थर बसला होता, तळाशी लागलेल्या खिरीसारखा. दाबके उलथण्याने तो खरवडून कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायला लागले.

"केरोसीन ओतून धुऊन का नाही टाकत एकदम?" मी विचारलं.

"नको, नको. ही घाण एकदम सुटली की खाली तेलाच्या जाळीत जाऊन बसते. मग तेल वर चढत नाही आणि इंजिन खलास. हातानेच काढायची. मग खालचं पॅन उतरवून जाळी साफ करायची."

"पण तुमच्या घरात ही अवस्था? तीन महिने किंवा तीन हजार मैल, ते काय झालं?"

टोमणा मारल्याशिवाय मला राहवत नाही. दाबके कसनुसे हसले. "तीन हजार झालेच नाहीत हो. दर जानेवारीत मी आकडा बघायचो. सात वर्षांत दोन हजार सहाशे. म्हटलं, तेल नवंच आहे."

"आणि महिने?"

ते थोडे चपापले. पण प्रश्न विचारला गेला होता, आणि प्रश्न विचारला की दाबके उत्तर देणारच. उलथणं हातात धरून त्यांनी सुरुवात केली. "त्याचं काय आहे, इंजिन थंड असताना आत पाणी धरतं, आणि ते तेलात मिसळलं की ही अशी घाण बनते. गाडी वीस-पंचवीस मिनिटं पळाली, तेल चांगलं तापलं, की ते पाणी उडून जातं. पण गाडी जर तापायच्या आतच बंद झाली, रोज, म्हणजे समजा कुणी घरातून निघालं आणि दोन-तीन मिनिटांत परतच..."

ते तिथेच थांबले. इतक्या वर्षांत त्यांचं व्याख्यान अर्धवट राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

उलथणं डब्यावर ठेवून म्हणाले, "तुमच्या किचनच्या खिडकीतून रस्ता दिसतो. कुठे जायची ती?"

मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. रोज दुपारी दोनला ती गाडी काढायची. गल्लीच्या तोंडाशी, जिथे मोठा रस्ता लागतो, त्या स्टॉप साइनपर्यंत जायची. तिथे थांबून राहायची. मागून कुणाची गाडी आली की वळून परत. मी मैत्रिणींना फोनवर सांगायचे, निघाली बघ कांचन वर्ल्ड टूरला. आणि आम्ही हसायचो. एकदा तर मी घाईत तिच्या मागे अडकले होते आणि चांगला लांबलचक हॉर्न दिला होता. तिने आरशात बघत हात वर करून माफी मागितली आणि गाडी वळवली. हेही मी त्यांना सांगितलं. सांगताना मला लाज वाटली, आजही वाटते.

दाबके स्टुलावर बसले. "पहिल्या वर्षी मी तिला हायवेवर शिकवायला नेलं होतं. हायवेला लागायच्या चढावर ती मध्येच थांबली, मागून ट्रक. मी फार ओरडलो. तुला हे या जन्मी जमणार नाही म्हणालो. एकदाच, वहिनी. पुन्हा कधी त्यावर बोललो नाही."

"तिनेही नाही?"

"मी विचारलं नाही."

पुढचे आठ दिवस ते खरवडत होते. टूथब्रश, केरोसीनमध्ये जेमतेम बुडवलेल्या चिंध्या. पॅन उतरवलं, जाळी धुतली, नवं तेल भरलं. इंजिन सुरू झालं आणि टकटक गेली होती. मला वाटलं, आता फोन करून सांगतील. कांचन त्यानंतरही आली नाही, हे आत्ताच सांगते, उगाच आशा नको.

शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. "तुम्ही थांबा. माझ्याशी नाही तर तुमच्याशी तरी बोलेल." नागपूरला संध्याकाळ होती. तिच्या भावाकडे लाइन लागली, तीही खरखरत, बोललेला शब्द आपल्याच कानात परत येईल अशी.

"कांचन, तुझी गाडी..." दाबके म्हणाले आणि अडखळले. सगळं वाक्य त्यांनी पाठ केलं होतं, मला ते माहीत होतं. ते त्यांनी म्हटलंच नाही.

"नाही, ये म्हणायला नाही केला फोन," ते म्हणाले. "आज सकाळी तुझी गाडी घेऊन निघालो होतो. स्टॉप साइनपाशी थांबलो. हो, तिथेच. अर्धा तास थांबलो. नाही गं, मागून कुणीच आलं नाही."

पलीकडून तिने काहीतरी विचारलं. दाबक्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"मग काय करणार," ते म्हणाले. "परत आलो."