ॲम्ब्रोजमामाचा ओंडका

आमचा ॲम्ब्रोजमामा लग्नाला कधी रिकाम्या हातानं गेला नाही. आम्हा मोहॉक आदिवासींत लग्नात दोन्ही घरं एकमेकांना टोपल्या देतात. टोपलीच्या पट्ट्या मामाच्या हातच्या नसल्या तर नवरीची आजी तोंड वाकडं करायची. काळ्या ॲश झाडाचा ओंडका कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकत राहायचं, म्हणजे लाकडाचा एकेक थर सुटतो, त्याच्याच पट्ट्या. ऐकून आमचे कान किटायचे. "मामा, दम घे की जरा!" म्हटलं की म्हणायचा, "तुझ्याच लग्नाचं ठोकतोय. नवरा तेवढा शोध!" भारी फटकळ माणूस.

नदीच्या वरच्या अंगाला मामीचं माहेर. तिथली ॲशची झाडं शेंड्याकडून वाळायला लागली. चांगलं लाकूड कुजून फुकट जाईल, म्हणून मामानं एक ओंडका होडीतून आणला आणि ओला राहावा म्हणून सालीसकट आपल्या ॲशच्या राईजवळच्या डबक्यात अर्धा बुडवून ठेवला. आमच्यातल्या कुणीही हेच केलं असतं. सालीखाली परदेशातून आलेला, झाडं पोखरून मारणारा पोपटी किडा बसलाय, हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं!

माझी धाकटी बहीण लिओना सरकारी नोकरीत. बाहेरून आलेली कीड देशात कुठवर पोचली ते बघायचं, कुठली झाडं तोडायची, कुठलं लाकूड अडवायचं ते सांगायचं, हे तिचं काम. काही वर्षांनी तिनं मामाच्याच राईतल्या झाडांची साल सोलली. खाली नुसत्या नागमोडी वाटा पोखरलेल्या. सगळ्यात जुन्या वाटा डबक्याशेजारी.

घरी येऊन मला म्हणाली, "ताई, राई गेली. आणि किडा मामानंच आणलाय गं."

आपलेच दात, आपलेच ओठ. राजधानीतल्या, ओटावाच्या साहेबांना वाटत होतं, किडा पूर्वेकडून जळणाच्या ट्रकांतून आला. ते तिकडचा रस्ता अडवणार होते. मामीच्या माहेरावर कुणाचा संशय नव्हता, आणि तिथून तर गावोगाव ओंडके जात होते. बोलावं तर मामा चारचौघांत उघडा पडणार, न बोलावं तर त्या सगळ्या गावांची झाडं मरणार.

गावच्या सभेत साहेबांनी लिओनाला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, आला कुठून?"

मामी तिच्या कानाशी पुटपुटली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी."

लिओना उभी राहिली. तेवढ्यात मागून मामा उठला.

"तिला काय विचारता? मी आणला. बायकोच्या माहेराहून, ओंडक्यातून. आधी तिकडं पळा, तिथून अजून लाकूड जातंय."

अरे, एकानं तरी म्हणायचं होतं, "ॲम्ब्रोज, तुझा काय दोष?" ज्यांच्या लग्नात त्याच्या टोपल्या मिरवल्या, तेही खाली बघत बसले. मला अजून राग येतो.

तोडायच्या झाडांवर खूण करायला लिओना गेली, तेव्हा रंगाचा डबा मामानंच धरला होता. मी मागे होते. आमच्या आजीनं जपलेल्या झाडापाशी लिओनाचा हात थांबला.

"दे इकडं," म्हणत मामानं ब्रश काढून घेतला.

"मामा, राहू दे. माझं काम आहे ते."

"आणला मी, तर खूणही मीच करणार. उद्या लोकांनी तुला झाडं मारणारी म्हणायला नको."

त्यानं खोडावर सावकाश पट्टा ओढला. मग तोच रंगलेला हात सालीवर टेकवून माझा मामा ढसाढसा रडला.