वरचा कातळ

नितीनच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी चिरेखाणीत होतो. कटर बंद केला नि नेहमीसारखा ओरडलो, "बोला दगडवाले, आज कुठला डोंगर फोडलात?" पलीकडून बाईचा आवाज... "काका, मी रेवती, नितीनसरांच्या ऑफिसातली. सर सकाळी गेले. हार्ट अटॅक." दोन महिने झाले. माझं ते ओरडणं आठवलं की अजून मी बसल्या जागेवरून उठतो, चार पावलं चालतो नि परत बसतो.

नितीन माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, लहानपणीच पुण्याला गेला तो तिथलाच झाला. व्हिडिओ गेमसाठी कॉम्प्युटरवर दगड बनवायचा. मी चौथी नापास, तीस वर्षं जांभा, आमचा लाल दगड, कापतोय. मला वाटायचं, दगड बनवायला एवढा पगार, मग कापणाऱ्याचीच पाठ का मोडते? पण त्याला खोट्या दगडाची भारी चीड. "भावोजी, साहेब म्हणतो जांभ्यातून हिरे काढ, चमकलं पाहिजे! जांभ्यात हिरा कुठला?" असं झालं की दोन दिवस धड जेवायचा नाही.

गेल्या मे महिन्यात आला तो थेट पालीजवळच्या आमच्या खाणीत. नव्या गेममध्ये कोकणातल्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, विहीर खणत खाली जायचं होतं. वही काढून म्हणाला, "खाली जाऊ तसा दगड कसा लागतो?"

आता खरं असं, की वरचा कातळ सगळ्यात कडक. खाली जाल तसा जांभा मऊ, शेवटी नुसती माती. कापलेला चिरा वारा-ऊन खाऊन मग घट्ट होतो. आमच्याकडे हे शेंबडं पोरही सांगेल. पण शिकलेला मेव्हणा पहिल्यांदाच मला काही विचारत होता... छाती फुगली. म्हटलं, "खाली जावं तसा कडक. ठिणग्या उडतात! माझी पाठ उगाच गेली काय?" पाठ गेली होती मोटरसायकलवरून पडून. त्यानं सगळं लिहून घेतलं, ठिणग्यांसकट.

तेराव्याला रेवती त्याचा लॅपटॉप द्यायला आली. कौतुकानं सांगायला लागली, "पुस्तकात उलटं होतं, साहेबही तेच म्हणत होते. सर भांडले. म्हणाले, पुस्तकवाल्यानं चिरा कापलेला नाही, माझ्या भावोजींनी कापलाय."

हातातला घास ताटात ठेवला. सगळ्यांसमोर म्हटलं, "मी थाप मारली होती." कोणी हसलं नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर कोणी हसू नये असं वाटत होतं. बायको एवढंच म्हणाली, "माझ्या भावाला पण?"

रेवती म्हणाली, "गेम अजून बाहेर गेला नाही. खरं काय ते दाखवा." दुसऱ्या दिवशी खाणीत नेलं तिला. एक विनोद केला नाही, एकेका थराला तिचा हात लावला.

गेल्या आठवड्यात तिनं दुरुस्त गेम लॅपटॉपवर घालून दिला. बायको तो रोज पदरानं पुसते. दुपारी जेवलो की मी बसतो, बटण दाबतो, पडद्यावरची कुदळ वरच्या कातळावर आपटत राहते. गेममध्ये पाच-सहा वेळा मरतो नि उठतो.

आतून बायको विचारते, "फुटला काय ओ?"

"नाय गो. बरोबर केलाय."