मोगरा वाळला नव्हता

आत्याचा आवाज बंद खिडकीतूनही रस्त्यापलीकडे जायचा. टेलिफोनच्या ऑफिसात ती ऑपरेटर होती. ट्रंककॉल लावण्यात सगळी नोकरी गेलेली, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाशीही ती कलकत्त्याशी बोलल्यासारखी बोलायची. कॉलनीतली पोरं तिला 'ट्रंककॉल' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता. बाकी मात्र तिला कशाचाही राग यायचा. दूध पातळ आलं म्हणून, रेडिओवरची बाई चुकीचं बोलली म्हणून, माझा भांग वाकडा निघाला म्हणून. माझ्यावर तिचा फार जीव होता आणि तोही ती माझ्यावर ओरडूनच दाखवायची.

नाशिकला गंगापूर रोडवर आमचं बैठं घर होतं, पुढे थोडी मोकळी जागा. फाटकाच्या उजव्या हाताला बाबांचे गुलाब आणि डाव्या हाताला आत्याचा मोगरा. आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहायची. त्या घरात तिची म्हणावी अशी जागा दोनच, ती खोली आणि मोगऱ्याचा कोपरा.

बाबा ओझरच्या कारखान्यात होते. सकाळी कंपनीची बस यायची आणि संध्याकाळी त्यांना आणून सोडायची. रविवारी ते हात मागे बांधून गुलाबांसमोर उभे राहायचे आणि आल्यागेल्याला एकेका रंगाचं नाव सांगायचे. आठवडाभर त्या गुलाबांचं करायची आत्या. दसरा झाला आणि द्राक्षवाले छाटणीला लागले की हीसुद्धा कात्री घेऊन बाहेर पडायची. कलमाच्या खालून फुटलेला जोमदार फुटवा दिसला की पहिल्यांदा तो कापायची. बाबा हळहळायचे. आत्या म्हणायची, "तो रानगुलाब आहे. ठेवलास तर तुझं कलम खाऊन टाकेल." मग खत, मग रोजचं पाणी, तेही बुंध्याशी, पानांवर नाही. माव्याची कीड लागली की फवारा, पानांवर पांढरी भुरी आली की पावडर. थंडीत गुलाब फुलले की बाबांचं कौतुक व्हायचं. "गुलाब म्हणजे जावई," आत्या करवादायची, "रोज उठून विचारायचं, काय हवं, काय नको."

मोगऱ्याचं तंत्र अगदी उलटं. दिवाळी संपली की ती त्याचं पाणी तोडायची. थंडी वाढली की स्टूल घेऊन बसायची आणि त्याची पानं हाताने ओरबाडून काढायची, फांद्या छाटायची. उरायच्या त्या नुसत्या काटक्या. संक्रांत झाली की बुंधा उकरून शेणखत घालायचं आणि भरपूर पाणी सोडायचं. चैत्रात तो कळ्यांनी असा लगडायचा की संध्याकाळी फाटक उघडायच्या आधीच घर आलेलं कळायचं. माठात फुलं, देवाला फुलं, शेजारच्या सगळ्या बायकांना फुलं. देतानासुद्धा आत्या त्यांना कशावरून तरी झापायचीच. मोगऱ्याबद्दल ती म्हणायची, "हा घरातला माणूस आहे. याला वर्षातून एकदा निवांत सोडा, एवढंच याचं मागणं."

एका हिवाळ्यात बाबांना त्या काटक्यांची दया आली. बसमधून उतरले की ते तिच्या नकळत रोज झारीभर पाणी घालायचे. त्या उन्हाळ्यात मोगऱ्याला पानंच पानं आली, फूल औषधाला नाही. आत्याला कळलं तेव्हा तिने बाबांना अंगणात उभं केलं. "गुलाबाचं पाणी तोडलंस तर तो मरेल. याचं तोडलं नाहीस तर हा फुलणार नाही. दोघांना एक न्याय लावायचा नसतो रे," असं ती म्हणाली आणि ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. बाबांनी मान डोलावली. मी तिथेच पायरीवर होते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्याला 'माहीत नव्हतं' ही सबब चालणार नाही.

माझ्या भावाचं, दादाचं लग्न ठरलं आणि त्याने गाडी घेतली. गाडी लावायला जागा हवी होती. भर जानेवारीत आत्या दोन दिवसांसाठी त्र्यंबकला मैत्रिणीकडे गेली. मी तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होते, ती परतली त्याच संध्याकाळी मीही घरी पोचले. डाव्या हाताला, मोगऱ्याच्या जागी, शहाबादी फरशी बसवलेली होती, सिमेंट अजून ओलं होतं. समोर उजव्या हाताला गुलाब डवरलेले. बाबा म्हणाले, "ताई, वाळलंच होतं ते." आई तेच म्हणाली. दादाही तेच म्हणाला. तिघांनी ठरवून पाठ केल्यासारखं.

आणि मग जेवताना, भाजी वाढून घेता घेता, बाबांनी तिला सांगितलं की लग्नानंतर, पाडव्यापासून मागची खोली दादाला लागेल, तिने हॉलमध्ये दिवाणावर झोपायला हरकत नाही, टीव्हीपण तिथेच आहे. आत्या ताटातला भात संपवत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरातलं शेजारी काही ऐकू गेलं नाही. मला आजही त्या ताटावरचा बाबांचा शांत चेहरा आठवला की संताप येतो. बाबा दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी तिचं कधी ऐकलंच नव्हतं, एवढ्या मोठ्या आवाजात बोलणाऱ्या बाईचं.

त्या दिवसानंतर तिने गुलाबांना हात लावला नाही. महिन्याभरात पानांवर भुरी चढली. बाबा पावडरीचा डबा घेऊन आले आणि तिला विचारत राहिले, किती घालायची. ती पेपर वाचत राहिली.

लग्न झालं, होळी झाली. सुट्टीत मी घरी होते. रविवारी सकाळी आत्याने मला हाक मारली. गाडी धुतलेलं पाणी फरशांच्या फटीत मुरत होतं आणि त्या फटीतून दोन हिरवे फुटवे वर आले होते. गवंड्याने मोगरा वरून तोडला होता, मुळं तशीच ठेवली होती. बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले, पाहून चक्क खूश झाले. म्हणाले, "बघ ताई, आला की परत. राहू दे, गाडी थोडी पुढे लावू."

आत्याने मागून पहार आणली. फरशी उचकटली, गुडघ्यावर बसून मुळांसकट तो सगळा गड्डा काढला आणि ओल्या गोणपाटात बांधला. नवी वहिनी दारात घाबरून उभी होती. तिला आत्या म्हणाली, "तुझ्यावर राग नाही गं बाई." मग बाबांकडे वळली. "आता इथे नको. नाशिकरोडला फ्लॅट घेतलाय मी. खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करते."

बाबा म्हणाले, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोकांना सांग, वाळलीच होती."

तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या गॅलरीत एका मोठ्या ड्रममध्ये मोगरा पुन्हा उभा राहिला. मी जायचे तेव्हा जिन्यातच तिचा आवाज यायचा. मी बारीक झाले म्हणून ओरडायची, जाड झाले म्हणूनही ओरडायची. निघताना ओल्या फडक्यात फुलं बांधून द्यायची. बाबा सणावाराला जाऊन यायचे, चहा घेऊन परतायचे. तिने त्यांना कधी 'जा' म्हटलं नाही आणि माफही केलं नाही. मला ते बरोबरच वाटतं.

ती गेली तीही जानेवारीतच, झोपेत. दिवसकार्य झाल्यावर फ्लॅट आवरायला मी आणि बाबा गेलो. बाबा थकले होते, खरंच रडलेही होते. भांडी बांधून झाली, गादी खाली गेली. मग ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिने शेवटच्या आठवड्यात पानं ओरबाडून छाटून ठेवलेल्या काटक्यांकडे त्यांनी पाहिलं आणि अगदी सहज मला म्हणाले, "हे वाळलंय गं. वॉचमनला सांग, टाकून देईल."

मी घरात कधी आवाज चढवलेला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय बोलले ते सगळं आठवत नाही. खाली भांडी टेम्पोत चढवणारी माणसं थांबून वर बघायला लागली, समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या, आणि बाबा दोन पावलं मागे सरकून माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू गॅलरीत त्यांना दुसरंच कुणी दिसत होतं.