दुपट्यातली बरणी

पाववाल्याच्या बायकोला पन्नाशीत मूल झालंय आणि लाजेपायी नवरा-बायको ते लपवून ठेवतात, अशी कुजबूज त्या इमारतीत सुरू झाली, तेव्हा त्या दोघांना तिथे येऊन धड महिनाही झाला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर नाक बापावर गेलंय, असंही सांगून टाकलं. त्यांनी मूल पाहिलं नव्हतं. पण बापाचं नाक लांबूनही दिसायचं.

पाववाला परक्या राज्यात आला तो एका बरणीच्या भरवशावर. बरणीत खमीर होतं. पीठ आणि पाणी आंबवून केलेलं, रोज मूठभर पीठ घालून वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेलं. ते मैद्यात पडलं की पाव असा फुगायचा, की जुन्या गावी लोक दुकानापुढे ताटकळत उभे राहायचे. नव्या राज्याने मात्र त्याला पहिल्याच आठवड्यात जमिनीवर आणलं. इथे दुकानं उशिरा उघडत, शेजारी दारं लावून बसत, नळाचं पाणी हाताला चावे. आणि थंडी! त्या थंडीत खमीर जे निपचित पडलं, ते काही केल्या हलेना.

बेकरीच्या मालकाने पहिला पाव टेबलावर ठोकून पाहिला. "मी पाव करणारा बोलावला होता, गवंडी नाही. शनिवारी फुगला तर राहा. नाहीतर आल्या वाटेने परत."

परत म्हणजे मेहुण्याच्या दारात. "शेपूट घालून येशील," असं तो निघतानाच म्हणाला होता. ते खरं ठरलं असतं, तर मरेपर्यंत प्रत्येक घासाला ऐकवलं असतं. पाववाल्याने बरणी घरी आणली. बायकोने ट्रंकेतून लेकीचं दुपटं काढलं. लेक सासरी गेली तरी दुपटं मागे राहिलं होतं. त्यात बरणी गुंडाळून दोघं आळीपाळीने ती मांडीवर घेऊन गॅलरीतल्या उन्हात बसू लागली. ऊन तरी कसलं, नावालाच.

तळमजल्यावर इस्त्रीवाली मावशी राहायची. लोक तिला कर्णा म्हणत. इस्त्री कपड्यांवर फिरे, जीभ इमारतभर. एका सकाळी ती तरातरा वर आली.

"काय माणसं आहात! या गारठ्यात लेकरू बाहेर? माझी खोली दिवसभर इस्त्रीने तापलेली असते. आणा इकडे!"

"मावशी, अहो, ते..." पाववाल्याने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

बरणी इस्त्रीच्या टेबलावर कोपऱ्यात निजली. झोपलेलं पोर उठवू नये म्हणून मावशीने दुपट्याला हात लावला नाही. उलट आल्यागेल्याला दटावलं, "हळू बोला रे!" आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःही हळू बोलली.

"अंगाने भरलेलं आहे हो तुमचं. आणि रडणं म्हणून नाही!"

पाववाल्याला घाम फुटला. त्या राज्यात आल्यापासून पहिल्यांदाच.

शुक्रवारी दुपारी खमिराला ऊब भिनली. झाकण उडालं, दुपटं सुटलं आणि पांढरा फेस भसाभसा घडी केलेल्या शर्टांवर चालून गेला.

"धावा!" मावशीने जिना हादरवला. "धावा गं, पोर उतू गेलं!"

पाववाला दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला. फेसात बोट बुडवून त्याने ते चाटलं आणि डोळे मिटले. "जगलं," म्हणाला. मावशी मटकन खाली बसली.

शनिवारी मालकाने पाव अंगठ्याने दाबला. अंगठा काढताच पाव पुन्हा वर आला. "राहा," एवढंच तो म्हणाला आणि अर्धा पाव तिथेच उभ्याउभ्या संपवला.

मावशीने अबोला धरला. तो इमारतीलाच सोसेना. शेवटी पाववाला ताजा पाव घेऊन तिच्या दारात गेला.

"फसवलंस ना मला, मेल्या? बाळ म्हणे!"

"मी? मी कधी म्हटलं, मावशी? देवाशपथ!"

त्याने म्हटलं नव्हतंच. म्हटलं होतं त्याच्या बायकोने. मावशीने जिन्यात तिला विचारलं होतं, "बाळ का गं?" आणि ती हो म्हणाली होती. इथे आल्यापासून शेजारचं कुणी तिच्याशी बोललं, ते तेव्हा पहिल्यांदा.