उजव्या पानावरचा हात

ताईची लेक मोबाइलवर कॉमिक वाचत होती आणि मी शेजारून डोकावत होते. चित्रातला चोर खिडकीतून आत शिरला, तसा माझा तळहात आपोआप पडद्याकडे गेला. लहानपणी ताईसोबत छापील कॉमिक वाचताना मी उजवं पान असंच झाकायचे, पुढचं आधी दिसू नये म्हणून. "हात काढ ना, माझं वाचून झालंय!" ताई वैतागायची. मी काढत नसे. तेवढा वेळ गोष्ट माझ्या तळहाताखाली धडधडत राहायची.

पडद्याला हात लागला मात्र, चित्रं सरसर पुढे पळाली. चोर पकडलासुद्धा गेला.

"मावशी, हात नको ना लावूस!" भाची ओरडली.

तेव्हापासून मला चैन नाही. गोष्ट थोपवून धरणारा हा हात आता ठेवायचा तरी कुठे?