दोन धुतलेले कप

माझी बायको कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. ती रिटायर झाल्यावर प्रताप नगरच्या आमच्या घरात तिला अभ्यासायला मी आणि माझी आई एवढेच उरलो. म्हणून तिचा एक जुना विद्यार्थी, आता पोलीस इन्स्पेक्टर, फाइल घेऊन आला तेव्हा सगळ्यात मोकळा श्वास मी घेतला.

प्रकरण मात्र वाईट होतं. मौद्याच्या पुढे तीन गावांत, एकट्या राहणाऱ्या तीन म्हाताऱ्या बायकांचे भरदुपारी खून झाले होते. दार कुठंच फोडलेलं नव्हतं. अंगावरचं सोनं गेलेलं, आणि तिन्ही घरी मोरीत दोन कप धुऊन पालथे घातलेले. खुनी एकच आहे, यापलीकडे पोलिसांना काही कळत नव्हतं.

"मॅडम, हा माणूस कसा असेल, तेवढं लिहून द्या," इन्स्पेक्टर म्हणाला.

बायकोनं दोन दिवस लिहिलं आणि चहाच्या वेळी मला आणि माझ्या आईला वाचून दाखवलं. खून करून कप धुणारा, म्हणजे अती टापटिपीचा. वय पन्नाशीच्या पुढे. मित्र कमी. आईच्या धाकात वाढलेला. जन्मभर घड्याळाच्या काट्यावर नोकरी केलेला.

मी कोराडीच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं शिफ्ट केली. माझा कप मीच धुतो.

"अवं, हा तर मीच आहो!"

"तुमच्यात तेवढी हिंमत नाही," बायको म्हणाली.

आईनं मात्र गंभीरपणे विचारलं, "त्या तिन्ही दुपारी तू कुठं होता गा?"

"पलंगावर! घोरून राहिलो होतो म्हणून तूच तर उठवलं मले."

दुसऱ्या दिवशी मी कप मुद्दाम खरकटा ठेवला, तर बायको म्हणाली, "पुरावा नष्ट करू नका."

कागद देण्याआधी तिला एकदा खून झालेलं घर पाहायचं होतं. इन्स्पेक्टर आम्हाला तिसऱ्या गावी घेऊन गेला. मला कोणी बोलावलं नव्हतं, संशयित म्हणून गाडीत बसलो. शेजारीण मिरची निवडता निवडता उठून आली आणि तिनं कुलूप उघडलं. बायकोनं तिला विचारलं, कप धुऊन ठेवील असं कोण यायचं इथं?

"त्यानं काहून धुतले असन?" शेजारीण म्हणाली. "काकीच धुवे. पाहुणा उठायच्या आधी कप पालथा. खरकटं तिले पाहवतच नव्हतं."

बायकोनं मोरीपाशीच आपला कागद काढून पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी दोन दिवस या बाईंचंच वर्णन लिहीत होते."

तिनं शेजारणीला विचारलं, "त्या चहा कोणाला द्यायच्या?"

"कोणालेच नाही. पोस्टमनले पाणी. फक्त तो पेन्शनच्या कागदासाठी अंगठा घ्यायले ये ना, मशीन घेऊन, त्याले. बेटा म्हणे त्याले."

तिघींनाही नवऱ्याची पेन्शन होती. उरलेल्या दोन गावांत विचारलं, तर तिथंही कप म्हातारीच धुवायची, आणि तोच यायचा. चार दिवसांत तो सापडला. दागिने त्याच्याच घरी निघाले. वय अठ्ठावीस, बडबड्या, दोन लहान मुलींचा बाप. मित्र इतके, की ठाण्याबाहेर गर्दी झाली. कुठल्या ऑफिसचा नव्हताच, मशीन घेऊन आपलाच फिरायचा.

मी बायकोला आठवडाभर चिडवलं. मग थांबलो, कारण ती हसत नव्हती.

"तीन बाया गेल्या," ती म्हणाली, "आणि त्या कशा होत्या, हे मी कोणाला विचारलंच नाही."

आरोपी सापडल्याचं सांगायला ती बसनं एकटीच त्या शेजारणीच्या गावी जाऊन आली. तेव्हापासून शेजारणीचा दर रविवारी फोन येतो. सून, दाढदुखी, मिरचीचा भाव. गेल्या रविवारी मिरची कशी वाळवायची यावर पाऊण तास गेला. बायको वहीत लिहून घेत होती. आमच्याकडे शेत नाही, गच्चीसुद्धा नाही.